शेजाऱ्याचा कुत्रा अंगावर येतोय? कुठल्या क्रमाने काय करायचं

दोन वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी होतो. कुत्र्यांच्या तक्रारी एवढ्या आल्या की पाण्याच्या तक्रारी मागे पडल्या, आणि जवळजवळ प्रत्येक तक्रार उलट्या टोकाकडून सुरू झालेली. सहा महिने कुणी तोंड उघडत नाही, जिन्याने जातात, पोराला कडेवर घेऊन लिफ्टची वाट बघतात, आणि मग एके रात्री साडेअकराला ग्रुपवर व्हिडिओ आणि खाली "हा कुत्रा उद्या सोसायटीतून काढा नाहीतर मी पोलिसात जातोय". झालं. तिथून पुढे विषय कुत्र्याचा राहतच नाही, कोण कुणाच्या बाजूने याचा होतो, आणि कुत्रा आहे तिथेच.

खाली दिलेला क्रम शेजाऱ्याच्या पाळीव कुत्र्यासाठी आहे. गेटवरच्या भटक्या कुत्र्यांचे नियम वेगळे, तिथे महापालिका आणि २०२३ चे प्राणी जन्म नियंत्रण नियम येतात, ते इथे मिसळू नका. आणि कुत्रा आधीच चावला असेल तर थेट टप्पा ३ वाचा, बाकीचं नंतर.

## टप्पा १: त्रास नेमका कुठला ते ठरवा

भुंकणं, धावून येणं आणि चावणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक तिन्हीला "डेंजर कुत्रा" म्हणतात. बंद दाराआड भुंकणारा कुत्रा वैताग आहे पण धोका नाही. पट्टा ताणून अंगावर झेप घेणारा, पॅसेजमध्ये मोकळा फिरणारा, कपडा पकडलेला, दात लावलेला, हा धोका.

अंग ताठ, नजर तुमच्यावर रोखलेली, तोंड घट्ट मिटलेलं, शेपूट वर आणि ताठ हलतेय, असा कुत्रा भुंकणाऱ्यापेक्षा जास्त काळजीचा. "शेपूट हलवतोय म्हणजे खेळतोय" हे मालक नेहमी सांगतात, त्यावर जाऊ नका, सैल कमरेसकट हललेली शेपूट वेगळी आणि झेंड्यासारखी उभी थरथरणारी वेगळी.

जातीच्या वादात अजिबात पडू नका. २०२४ च्या मार्चमध्ये केंद्राने २३ जातींवर बंदीचं परिपत्रक काढलं होतं, ते अजून व्हॉट्सॲपवर फिरतं, पण कर्नाटक हायकोर्टाने ते त्याच वर्षी एप्रिलमध्ये रद्द केलं. ते प्रिंट काढून मीटिंगला नेलंत की समोरचा रद्द झाल्याची बातमी दाखवतो आणि तुमचा खरा मुद्दा पण वाहून जातो.

## टप्पा २: तक्रारीआधी आजपासून अंग सांभाळा

तक्रार निकालात निघायला आठवडे लागतात. तेवढ्यात रोज सकाळी दूध घ्यायला दार उघडायचंच आहे.

- लिफ्टचं दार उघडलं आणि आत कुत्रा असेल तर आत जाऊ नका, "पुढची घेतो" म्हणा. तुम्ही आत असताना कुत्रा येत असेल तर हात पुढे करून मोठ्याने "थांबा, मी उतरतो" म्हणा आणि उतरा. लाज वाटते, माहितीये, पण लिफ्टमध्ये कुत्र्याला मागे सरकायला जागा नसते आणि तुम्हालाही.
- अंगावर आला तर पळू नका, ओरडू नका, डोळ्यात बघू नका. थोडं तिरकं उभं राहा, हात अंगाशी, आणि हातात जे असेल ते, पिशवी, छत्री, ऑफिसची बॅग, तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा. मग मागे मागे सावकाश सरका.
- खाली पडलात तर गुडघे पोटाशी, मान आत, हात कानांवर, आणि गप्प. मुलांना हे घरात दोन-तीनदा करून दाखवा, "दगड हो" म्हटलं की कळतं त्यांना.
- दात रुतवून धरलं असेल तर हात झटकन ओढू नका, जखम फाटते.

थांबा: काठी उगारणं, लाथ, मिरचीची पूड, "औषध घालतो" असलं बोलणं यातलं काहीही नको. अंगावर आलेल्याला अडवणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन मारणं वेगळं. प्राण्याला विष घालणं, मारून टाकणं किंवा जायबंदी करणं याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. शिवाय ग्रुपवर रागात टाइप केलेलं एक वाक्य समोरचा जपून ठेवतो.

## टप्पा ३: चावला किंवा ओरबाडलं तर

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे आधी भांडायला जाणं. आधी नळ.

१. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटं धुवा. घड्याळ लावून. १५ मिनिटं फार वाटतात, लोक दोन मिनिटांत टॉवेल घेतात.
२. हळद, चुना, मिरची, तेल, कॉफी, काही लावायचं नाही. घट्ट पट्टी पण नाही.
३. त्याच दिवशी दवाखाना. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस मोफत मिळते. दंडात घ्यायच्या लसीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८. कातडीत देतात त्यात ०, ३, ७ आणि २८. पहिला दिवस म्हणजे ०, यात लोक हमखास गोंधळतात आणि दुसऱ्या डोसाची तारीख चुकते.
४. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरुद्धच्या तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) पण द्यावं लागतं, ते सगळ्या छोट्या दवाखान्यांत नसतं, म्हणून फोन करून निघा. रक्त आलं नाही, नुसतं ओरबाडलंय, तरी लस लागते. धनुर्वाताचं डॉक्टर बघतील.

"आमच्या कुत्र्याचं लसीकरण झालंय" यावर थांबू नका. त्याचं लसीकरणाचं कार्ड मागा, फोटो काढा, डॉक्टरांना दाखवा, पण पहिला डोस घ्याच. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची असते, तो दहा दिवसांनी ठणठणीत असेल तर पुढच्या डोसांचं डॉक्टर ठरवतात, तुम्ही नाही आणि कुत्र्याचा मालक तर नाहीच. त्या दहा दिवसांत कुत्रा "गावी पाठवला" असं होऊ देऊ नका, हे लेखी सांगा.

तपासा: केसपेपरवर "शेजाऱ्याच्या पाळीव कुत्र्याचा चावा", तारीख आणि वेळ लिहिलीये का? नुसतं "कुत्रा चावला" लिहिलं की पुढे भटका होता असं म्हणायला जागा राहते. जखमेचे धुण्याआधीचे-नंतरचे फोटो, फाटलेला कपडा न धुता पिशवीत, औषधांची बिलं एका फाइलमध्ये.

## टप्पा ४: नोंद ठेवा, किमान दोन आठवडे

"तो नेहमीच अंगावर येतो" याला मीटिंगमध्ये काही किंमत नसते. मालक म्हणतो "एकदाच झालं", आणि मग तुमचा शब्द विरुद्ध त्याचा शब्द. साध्या वहीत अशी नोंद पाहिजे:

*१२ मार्च, सकाळी ७:१०, तिसरा मजला. दूध घ्यायला दार उघडलं. समोरचं लाकडी दार आणि सेफ्टी डोअर दोन्ही उघडी. कुत्रा बिनपट्ट्याचा बाहेर आला, दोन फुटांवर थांबून गुरगुरला. मालक आतून "काही करत नाही तो". दूधवाला जिन्यात होता, त्याने बघितलं.*

बस, एवढंच. विशेषणं नकोत. दहा-बारा नोंदी झाल्या की नमुना दिसायला लागतो. आमच्याकडे एका काकूंच्या वहीत अकरापैकी नऊ वेळा सकाळी सात ते साडेसात निघाले, म्हणजे मालकाची ऑफिसची घाई, दोन्ही दारं एकदम उघडी आणि पट्टा अजून खुंटीवर. अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (फुटेज साठवणारा डबा) जुनं फुटेज पुसून त्यावर नवीन लिहितो, कुठे सात दिवसांनी कुठे पंधरा. त्यामुळे घटना घडली की त्याच दिवशी सेक्रेटरीला मेसेज, "आज अमुक वेळेचं तिसऱ्या मजल्याचं फुटेज सेव्ह करून ठेवा". तोंडी सांगू नका, मेसेज राहतो. शेजाऱ्याच्या घराच्या आतलं शूटिंग मात्र करू नका, पॅसेजपुरतं ठेवा.

## टप्पा ५: मालकाशी बोलणं

हा टप्पा लोक गाळतात, किंवा इतका वाईट करतात की गाळला असता तर बरं झालं असतं. मीच केलंय. सेक्रेटरी व्हायच्या आधीची गोष्ट, खाली पार्किंगमध्ये शेजारी कुत्र्याला फिरवून येत होते आणि मी तिथेच गाठलं. माझा आवाज चढला तसा त्यांचा हात पट्ट्यावर आवळला, आणि पट्टा आवळला तसा इतका वेळ बसलेला कुत्रा उठून उभा राहिला. आम्ही दोघं भांडतोय आणि मध्ये तो, अंग ताठ, आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघतोय. दोन सेकंदांत तो माझ्यावर भुंकायला लागला आणि ते म्हणाले "बघा, तुमच्या ओरडण्यानेच होतं हे". त्यांचं पूर्ण चुकीचं पण नव्हतं!

म्हणून कुत्रा बरोबर नसताना, सुट्टीच्या दिवशी, आधी फोन करून, एकट्याने जा. सोबत चार जण नेलेत की मोर्चा होतो. सुरुवात तक्रारीने नको, प्रसंगाने करा: "काका, जरा दहा मिनिटं बोलायचं होतं. मागच्या सोमवारी सकाळी ब्रूनो बाहेर आला तेव्हा आई घाबरून मागे सरकली, उंबऱ्यावर पाय अडखळला. पडली नाही, पण ती आता एकटी दार उघडत नाही."

आणि मग मागणी. इथे सगळा खेळ आहे. "कुत्रा काढा" म्हणालात तर त्यांच्या घरातला माणूस काढा म्हटल्यासारखं ऐकू जातं आणि बोलणं तिथेच संपतं, आणि खरं सांगायचं तर ते तुम्हाला कायद्याने मिळणार पण नाही. माणसाच्या वागण्याबद्दल मागा, करता येण्यासारखं आणि मोजता येण्यासारखं:

- लाकडी दार उघडायच्या आधी पट्टा गळ्यात, आणि दोन दारांपैकी एक कायम बंद.
- पॅसेज, लिफ्ट, पार्किंगमध्ये आखूड पट्टा, मोठ्या माणसाच्या हातात. दहा वर्षांच्या पोराच्या हातात मोठा लॅब्रेडॉर ही पट्ट्याची सोय नाही.
- लिफ्टमध्ये कुणी असेल तर पुढची लिफ्ट.
- सेफ्टी डोअरच्या जाळीला खालच्या अर्ध्या भागात आतून पत्रा किंवा ॲक्रिलिक शीट.

शेवटचं कुणाला सुचत नाही म्हणून जरा सांगतो. कुत्रा दिवसभर जाळीशी बसतो, समोरून माणूस जातो, तो भुंकतो, माणूस निघून जातो. तुम्ही जाणारच होतात, पण त्याच्या हिशोबाने त्याने तुम्हाला हाकललं. दिवसातून तीस वेळा हा धडा पक्का होतो, आणि मग ज्या दिवशी जाळी उघडी असते त्या दिवशी तो तेच काम पुढे नेतो. दिसणं बंद केलं की बऱ्याच कुत्र्यांचा जोर पहिल्या पंधरा दिवसांत उतरतो. खर्च किरकोळ. आमच्या मजल्यावर तो पत्रा अर्धा मीच भरून दिला, मला त्यात कमीपणा वाटला नाही.

मझलचा, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर घालायच्या मुसक्याचा, विषय निघाला तर जाळीचा मझल सुचवा, ज्यात कुत्र्याला तोंड उघडून धापता येतं. कापडी पट्टीने तोंड बांधून उन्हाळ्यात फिरवलं तर कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतं. आणि वागणं अचानक बदललं असेल तर आधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवायला सांगा, कान किंवा सांधे दुखत असले तरी गरीब कुत्रा चावरा होतो.

तपासा: घरी आल्यावर मेसेज पाठवला का? "काका, आज बोलल्याप्रमाणे दार उघडायच्या आधी पट्टा आणि लिफ्टचं ठरलं, धन्यवाद." गोड मेसेज आहे, पण तारखेसकट पुरावाही आहे. यानंतर तीन आठवडे द्या आणि वही चालू ठेवा.

## टप्पा ६: कमिटीला लेखी

तीन आठवड्यांत फरक नसेल, किंवा कुत्रा चावलाच असेल, तर अर्ज. ग्रुपवर नाही, कागदावर, दोन प्रती, एकीवर तारीख-सही-शिक्क्यासह पोच. ऑफिस बंद असेल तर सोसायटीच्या अधिकृत ईमेलवर. पोच नसलेला अर्ज पुढे कुणी धरत नाही. मजकूर एवढा पुरे:

*"फ्लॅट क्र. ___ मधील पाळीव कुत्रा ___ ते ___ या काळात सामाईक पॅसेजमध्ये पट्ट्याशिवाय ___ वेळा आला, तारखा सोबत जोडल्या आहेत. ___ रोजी मालकांशी बोलणे झाले. विनंती: १) मालकांना सामाईक जागेत पट्टा वापरण्याबाबत लेखी सूचना द्यावी, २) कुत्र्याचा महापालिका परवाना व रेबीज लसीकरणाची प्रत घ्यावी, ३) दि. ___ चे फुटेज जतन करावे. १५ दिवसांत लेखी कळवावे."*

राहणारे भाडेकरू असतील तर अर्जाची प्रत फ्लॅटच्या मूळ मालकाला पण पाठवा. सभासद तो आहे, भाडेकरू नाही, आणि मूळ मालकाचा एक फोन कमिटीच्या तीन नोटिसांचं काम करतो.

आता कमिटी काय करू शकत नाही ते ऐका, कारण इथेच सोसायट्या तोंडघशी पडतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरू नका म्हणता येत नाही, मझलची सरसकट सक्ती पण नाही. पट्टा वापरा, घाण उचला हे मात्र त्याच सूचना मालकांना सांगतात, आणि निष्काळजी मालकाविरुद्ध कायद्यात तरतुदी आहेत, त्या वापरा, हेही त्यातच आहे. म्हणजे "कुत्राबंदी"चा ठराव करून कमिटीने टाळ्या मिळवल्या तरी पहिल्या वकिली नोटिशीला तो ठराव गुंडाळावा लागतो.

थांबा: मालकाचं पाणी तोडणं, लिफ्टचं कार्ड बंद करणं, घरकामाच्या बाईला त्या घरी जाऊ नको सांगणं, यातलं काही केलंत तर तक्रारदार तुम्ही राहत नाही, ते होतात.

कमिटी अर्जावर बसूनच राहिली तर उपनिबंधकांकडे (सहकारी संस्थांवर देखरेख ठेवणारे सरकारी अधिकारी) जाता येतं, पण ते कमिटीच्या कारभारासाठी आहे. कुत्र्याचा निकाल तिथे लागत नाही.

## टप्पा ७: महापालिका आणि पोलीस

परवाना नसेल तर महापालिकेच्या आरोग्य किंवा पशुवैद्यकीय विभागाकडे अर्ज करा. पुण्या-मुंबईत कुत्रा पाळायला परवाना लागतो आणि त्यासाठी लसीकरण दाखवावं लागतं. नुसता "परवाना दाखवा" एवढा कागद आला तरी बरेच मालक एका आठवड्यात शिस्तीत येतात.

पोलिसांकडे जायचं ते चावा, झेप घेतल्यामुळे पडून लागणं, किंवा लेखी सांगूनही वारंवार मोकळा सोडणं यासाठी. भुंकण्यासाठी जाऊ नका, ठाण्यात हसतात आणि पुढच्या वेळी खरं झालं तरी तुमचं नाव ऐकून पंखा बघत बसतात.

जाताना ही दोन कलमं चिठ्ठीवर लिहून न्या. भारतीय न्याय संहिता कलम २९१, आपल्या ताब्यातल्या जनावराबद्दल निष्काळजीपणा, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे दखलपात्र आहे, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीविना गुन्हा नोंदवू शकतात, त्यामुळे "एनसी करून देतो" (नुसती अदखलपात्र नोंद) म्हणाले तर नम्रपणे सांगा की साहेब २९१ दखलपात्र आहे, एफआयआर होतो. लागलं असेल तर सोबत कलम १२५, निष्काळजीपणाने दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं. जुन्या लेखांत आयपीसी (आधीची भारतीय दंड संहिता) २८९ दिसेल, ते १ जुलै २०२४ आधीच्या घटनांसाठी. आणि कुत्रा खरंच धोकादायक असेल, एकापेक्षा जास्त जणांना चावला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ खाली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून तो बंदिस्त ठेवायचा किंवा त्याची दुसरी सोय करायचा आदेश मागता येतो.

किती वेळ लागतो याची कल्पना असू दे. वरळीच्या एका इमारतीत २०१८ मध्ये एकजण लहान मुलासोबत लिफ्टमध्ये होता, मुलगा घाबरतो म्हणून कुत्रा आणू नका सांगितलं, तरी मालकाने हस्की ओढत आत आणला आणि तो चावला. कोर्टाने मालकाला ४ महिन्यांची शिक्षा सुनावली ती २०२५ मध्ये. तिथे सीसीटीव्ही होता. तुमच्याकडे टप्पा ४ ची वही आणि टप्पा ६ ची पोच नसेल तर पोलिसांना दाखवायला काय आहे ते आधी बघा.

तपासा, ठाण्यात जायच्या आधी: केसपेपर, फोटो, नोंदवहीच्या प्रती, मालकाला पाठवलेला मेसेज, अर्जाची पोच, फुटेज पेनड्राइव्हवर, एका साक्षीदाराचं नाव आणि नंबर. एफआयआरची प्रत मोफत मिळते, घेतल्याशिवाय निघू नका.

## टप्पा ८: मिटल्यावर

मालक ऐकायला लागले की वही फेकू नका, दोन महिने ठेवा. पट्टा पहिले पंधरा दिवस असतो, मग पाहुणे येतात, दिवाळीत फटाक्यांनी कुत्रा बिथरतो, कुत्रा फिरवायला नवीन मुलगा लागतो ज्याला काहीच सांगितलेलं नसतं. वॉचमन बदलला की त्यालाही सांगा, आणि ठरलेल्या चार गोष्टी गेटवरच्या रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवा, आमच्याकडे अजून आहेत, वर कुणीतरी पेनाने कुत्र्याचं चित्र काढलंय.